डुबक्याचा मफलर

घणसोलीत, सेक्टर सातच्या एका गाळ्यात
मी एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करून घेतो.
नऊ पोरं, एक पंखा, आणि स्थिरचित्रासाठी
रोज तोच पितळी तांब्या, तेच प्लॅस्टिकचं केळं.

ऋत्वी मढवी तांब्या काढत नाही.
ती डुबक्या काढते. कार्टूनमधला, खाडीतला निवटा:
बटाट्यासारखं डोकं, त्यावर नुसते टेकवलेले दोन डोळे,
आणि गळ्यात लाल मफलर,
मे महिन्यातसुद्धा.

'सर, तो मफलर कधीच का काढत नाही, माहितीये?'

मला माहितीये.
मी तेव्हा ठाण्यात, वागळे इस्टेटला होतो,
खाली बॉयलरच्या सुट्या भागांचं गोदाम, वर आमचे बारा संगणक.
डुबक्यानं मान वळवली की डोक्यात आणि धडात
फट पडायची, बोटभर,
तिच्यातून मागचं आभाळ दिसायचं.
शुक्रवारी पहिला भाग द्यायचा होता. गुरुवारी रात्री
चेंदणी कोळीवाड्याच्या हेमकांतनं
एक लाल पट्टा ओढला, फटीवर टाकला,
म्हणाला, झाकली मूठ.
बावन्न भाग निघाले त्या पट्ट्यावर.

ऋत्वीचं म्हणणं वेगळं.
'तो ओला असतो, सर.
डुबक्या चिखलातून वर आलाय ना, शाळेत,
पण श्वास त्याला अजून पाण्यातनंच जमतो.
म्हणून मफलर भिजवून गुंडाळतो.
खाडी गळ्यात घालून हिंडतो तो.
सांगत नाही कुणाला. वर्गात सगळे कोरडे आहेत.'

पुरावे तिच्या बोटांवर.
वाळवंटात सगळ्यांच्या जिभा बाहेर, त्याची नाही.
(आणखी एक जीभ काढायला पैसे उरले नव्हते.)
शेकोटीपासून तो लांब बसतो.
(अंगावर उजेड हलवायला फार वेळ लागतो.)
सुट्टीच्या भागांत तो एक शब्द बोलत नाही.
(आवाज देणाऱ्या बाईंचं बाळंतपण.)
कंसातलं मी कंसातच ठेवलं, कितीतरी दिवस.

मग एका शनिवारी सांगून टाकलं. फट, पट्टा, गुरुवार.
ती पेन्सिलीला टोक काढत होती.
टोक निघेपर्यंत काही बोलली नाही.
'म्हणजे घातला तुम्ही. बरं.
पण तो का घालतो?'

आणि तिनं बापाचा फोन काढला.
बाप रबाळ्याला रात्रपाळीत पहारेकरी,
दिवसा झोपलेला, फोन हिच्याकडे.
एकोणिसावा भाग, सातवं मिनिट, घसरगुंडी.
थांबवत थांबवत, एकेक चित्र पुढं ढकलत
तिनं ते कधीच हुडकून ठेवलं होतं:
मफलरच्या टोकाखाली एक थेंब. निळा.
एका चित्रात आहे. पुढच्यात नाही.

रंग सांडला म्हणावं, तर त्या दृश्यात
निळा नव्हताच कुठं. संध्याकाळ होती, सगळी शेंदरी.
आणि थेंबाला उजेडाच्या बाजूनं
एक पांढरा ठिपका होता, सुईच्या टोकाएवढा,
जागच्या जागी.
चुकीला कुणी पांढरा ठिपका देत नाही.

घसरगुंडी हेमकांतकडे होती.
त्याचा बाप ओहोटीला निवट्या धरायचा,
बिळात कोपरापर्यंत हात घालून.
हेमकांत डब्यात कालवण आणायचा, आणि जेवता जेवता
सांगत असायचा काहीबाही, त्या कशा जगतात वर, त्याबद्दल.
आमच्या कानांत हेडफोन.
स्टुडिओ बुडाला तेव्हा त्याचा दोन महिन्यांचा पगार बुडाला.
त्यानं नंबर दिला नाही.
किंवा मी मागितला नाही.

'सर? मग?'
मी म्हटलं, तांब्या काढ. परीक्षेला तांब्या येतो.

काढला तिनं. बरा काढला, बूड जरा कललेलं.
काठावर, कुणी न सांगता, एक थेंब,
ओघळायच्या बेतात.
ठिपका द्यायचा राहिला होता.
मी पांढऱ्याची बाटली उघडली.
वाळलेली. पाणी घातलं थोडं.